न खेळता केलेलं परीक्षण धरायचं का? (टेबलटॉप रोलप्लेइंग)

फासेवाला (धागाकर्ता)

आमच्या रविवारच्या ग्रुपात यावरून दोन तट पडलेत, म्हटलं इथेच आणावं.

ज्यांना या खेळाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स), कॉल ऑफ कथुलू वगैरे खेळांसाठी तयार कथानकं विकत मिळतात. कुणी त्याला मॉड्यूल म्हणतं, कुणी सिनारिओ. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ते वाचून यायचं, बाकीच्या चार-पाच जणांनी एकेक पात्र होऊन, एक अक्षरही न वाचता त्यात उडी मारायची. मग तीन-चार तास फासे, आरडाओरडा, वडापाव.

आता भांडण. कथानक घेण्याआधी आपण नेटवर परीक्षण बघतो. त्यातली ढिगाने परीक्षणं लिहिणाऱ्यांनी ते टेबलावर कधी आणलेलंच नसतं. पीडीएफ चाळली, नकाशे बघितले, चित्रांचं कौतुक केलं, साडेचार तारे. माझं म्हणणं, हे धरू नका.

अगदी ताजं उदाहरण. नाव घेत नाही, छोट्या लेखकाचं आहे. दीपगृहातला खून. वाचायला इतकं सुरेख की मी ते लोकलमध्ये उभ्याने संपवलं. सगळी परीक्षणं 'वातावरण अप्रतिम'. टेबलावर काय झालं? खुनाचा सगळा उलगडा एका डायरीत, डायरी जिन्याखालच्या चोरकप्प्यात, आणि कप्पा सापडायला डी२० वर एकूण पंधरा. चौघांनी टाकले, चौघांचे कमी पडले. झालं. आता पुढे रस्ताच नाही. तेवढ्यात एकाला किनाऱ्यावरचा म्हातारा कोळी आठवला. पुस्तकात त्याच्यावर एक ओळ आहे: बोलका आहे, त्याला काही माहीत नाही. आमच्या लोकांना मात्र खात्री पटली की खुनी हाच. दीड तास त्याची उलटतपासणी चालली. मी त्याला नाव दिलं, दोन मुली दिल्या, कर्ज दिलं, शेवटी गुन्ह्याचा साक्षीदारही करून टाकला. लोक खूश होऊन घरी गेले. पण ते खूश झाले त्या कोळ्यावर, आणि तो कोळी पुस्तकात नव्हताच.

वाचून यातलं काहीही कळलं नसतं. तुमचं मत काय?

चिवडा

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणायला चाललोय.

कागदी वाघ

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

फासेवाला, तुमचा कोळी बाजूला ठेवा, आधी डायरी बघू. 'वाचून कळलं नसतं' हे मान्य नाही. नीट वाचलं असतं तर कळलं असतं. रहस्यकथानक हातात आलं की मी वहीच्या मधल्या पानावर गोल काढतो. एक गोल म्हणजे खेळाडूंना कळायला हवी अशी एक गोष्ट. कुठला पुरावा कुठल्या गोलाकडे नेतो ते बाण काढायचे. ज्या गोलाकडे एकच बाण जातो आणि तो बाणही फाशावर अवलंबून, तिथे लाल फुली. तुमच्या दीपगृहाला वीस मिनिटांत लाल फुली पडली असती आणि तुमचा रविवार वाचला असता.

यात माझं काही नाही. जस्टिन अलेक्झांडरने २००८ साली आपल्या ब्लॉगवर तीन पुराव्यांचा नियम मांडला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा त्यासाठी निदान तीन पुरावे पेरा, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटेल, एकाकडे ते दुर्लक्ष करतील आणि तिसऱ्याचा भलताच अर्थ लावतील. त्याच्या थोडं आधी रॉबिन लॉजची गमशू पद्धत आली. तिच्यात तर कळीच्या पुराव्यासाठी फासाच टाकायचा नसतो. योग्य कौशल्य घेऊन योग्य जागी गेलात की तो मिळाला. म्हणजे हा रोग जुना आहे, त्याची लक्षणं कागदावर दिसतात आणि निदान करायला पेशंटला आधी आडवा पाडावं लागत नाही.

दुसरं, आकडे. लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर आपल्यातल्या निम्म्यांनी खेळलं असेल, डीअँडडीच्या २०१४च्या स्टार्टर सेटमधलं. सुरुवातीलाच रस्त्यात मेलेले घोडे आणि झुडपात चार गोब्लिन. तिथे पहिल्याच लढाईत पार्टी, म्हणजे खेळाडूंची अख्खी टोळी, आडवी झाल्याच्या कथा सगळीकडे. 'खेळल्याशिवाय कळलं नाही हो!' का नाही कळलं? २०१४च्या नियमांत गणित दिलं होतं. एका गोब्लिनचे ५० गुण, चारांचे २००, शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, झाले ४००. पहिल्या लेव्हलच्या एका पात्राची 'जीवघेणी' मर्यादा १००, चार पात्रांची ४००. म्हणजे चौघं असतील तर ही लढाई पुस्तकाच्याच हिशेबाने जीवघेणी आहे, पाच असतील तर एक पायरी खाली. हे कागद-पेन्सिलीचं काम आहे.

तिसरं, व्यवहार. एक कथानक एकदा खेळायला पाच माणसं आणि अख्खी दुपार. हार्बरवर मेगाब्लॉक नको, कुणाच्या घरी बारसं नको, सोसायटीचा हॉल मोकळा हवा. आणि एकदा खेळलं की त्या पाच जणांना सगळं माहीत झालं, पुन्हा तपासायला तेच लोक घेता येत नाहीत. बाजारात महिन्याला येतात त्यातली किती तुम्ही अशी तपासणार? वाचणारे परीक्षक नसते तर तुम्हाला निवड करायला यादीसुद्धा मिळाली नसती.

फासेवाला

@कागदी वाघ, डायरी तुमची. गोल-बाण पद्धत मी आजच उचलली. पण कोळ्याला इतक्या सहज बाजूला ठेवू देणार नाही. तुमच्या वहीत कोळ्याकडे एकही बाण जात नाही, बरोबर? मग त्याला ना गोल, ना फुली. आणि सगळा खेळ गेला तिथेच. लेखकाने जे लिहिलंय त्यातल्या चुका तुम्ही कागदावर पकडता, ठीक. त्याने जे लिहिलंच नाही आणि ऐनवेळी लागलं, ते कागदावर कसं दिसणार?

तिसरी घंटा

मी नाटकवाला माणूस, या खेळात नवखा आहे, पण वाद ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

संहितेवरून नाटकाबद्दल बोलणारे आणि प्रयोग बघून बोलणारे हे भांडण आमच्याकडे कायमचं. सत्तरच्या दशकात आविष्कारची मंडळी दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग करायची. तिथे झालेल्या कित्येक गोष्टी नुसत्या वाचून कुणी हात लावला नसता असं ज्येष्ठांकडून ऐकत आलोय. आजही एकांकिका स्पर्धेत परीक्षक खुर्चीत बसून प्रयोग बघतो, मगच गुण देतो. लेखनाचं बक्षीससुद्धा प्रयोग बघूनच ठरतं. त्यामुळे माझं मत फासेवाल्यांना.

खडूस किल्लेदार

तिसरी घंटा, स्वागत आहे, पण हे लागू पडत नाही.

तुमच्या नटाने संहिता पाठ केलेली असते, तालमी झालेल्या असतात. इथे टेबलावरच्या पाचांपैकी चौघांनी संहिता बघितलेलीच नाही, आणि तेच चौघे प्रेक्षकही आहेत. पुन्हा तोच प्रयोग होत नाही. एकाच कथानकाचे दोन टेबलांवरचे खेळ म्हणजे दोन वेगळी नाटकं. मग परीक्षण नक्की कशाचं?

फासेवाल्याचीच गोष्ट बघा. कथानक फाटकं होतं, डीएम तयारीचा होता, लोक खूश होऊन गेले. त्या चौघांपैकी एकाने परीक्षण लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? 'तो कोळी काय भारी पात्र आहे!' पाच तारे. कुणीतरी ते वाचून विकत घेणार आणि कोळी शोधत बसणार. खेळून लिहिलेल्या परीक्षणात लोक नकळत डीएमचं परीक्षण लिहितात. कधी कधी वड्याचंही.

दुसरं टोक म्हणजे डीअँडडीचं टूम ऑफ हॉरर्स. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्सने ते १९७५च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेत चालवलं, छापून आलं १९७८ साली. त्यात एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड आ वासलेलं, आत काळोख. जो आत शिरला तो संपला. फासा नाही, बचाव नाही, काही नाही. वाचताना मी पोट धरून हसलो होतो, काय पाजी माणूस आहे म्हणून. स्पर्धेत ते चालून जातं: पात्र आयोजकांनी हातात दिलेलं, कोण किती पुढे पोचला यावर निकाल, मेलास तर मेलास. तेच आमच्या घाटकोपरच्या टेबलावर एकाने चालत्या मोहिमेत घुसवलं. एका मुलीने वर्षभर सांभाळलेली पात्राची वही होती, मागे आईवडिलांची नावं, गावाचा नकाशा, सगळं. ती आत शिरली. डीएम म्हणाला, 'संपलं.' ती म्हणाली, 'फासा तरी टाकू दे.' 'नाही.' पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आता सांगा, खेळून ठरवायचं तर टूम ऑफ हॉरर्स चांगलं की वाईट? कुठे खेळलात, कुणाबरोबर खेळलात, पात्रं कुणाची होती, यावर उत्तर बदलतं. खेळणं म्हणजे काही तराजू नाही की ठेवलं आणि काटा दिसला.

पन्हं

अवांतर विचारतो, माफ करा. हे सगळं ठाण्यात कुठे खेळतात? आणि डी२० म्हणजे काय? मी फक्त मालिकेत बघितलंय.

चिवडा

पन्हं, डी२० म्हणजे वीस बाजूंचा फासा. व्यनि केलाय. शनिवारी मोकळा आहेस का? आमचा एक जण पुण्याला बदलून गेला.

गिरगावकरीण

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवत नाही.

मी डीअँडडीपेक्षा कॉल ऑफ कथुलू जास्त चालवते. त्यातलं द हॉन्टिंग हे कथानक १९८१च्या पहिल्या आवृत्तीतच आलं. आज नव्या माणसाला हा खेळ दाखवायचा तर अजूनही बहुतेक लोक तेच काढतात, आणि नियमांच्या फुकट मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेतही तेच आहे. १९२०, बॉस्टन. घरमालक नॉट म्हणतो, भाडेकरू वेडे झाले, बघा काय आहे ते. वर्तमानपत्राच्या कचेरीत जुने अंक, नोंदणी कार्यालयात कागद, मग घर, मग तळघर, तळघरात कॉर्बिट.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खरं सांगते, सपक वाटलं. पछाडलेलं घर, यात काय नवीन? सुरुवातीची कागदपत्रं शोधण्याची पानं तर सरकारी परिपत्रकासारखी: इथे गेलात तर हे कळेल, तिथे गेलात तर ते कळेल. वाचून मत द्यायचं असतं तर मी दोन तारे देऊन मोकळी झाले असते.

मग चालवलं. खोताचीवाडीत आणलं, काळ तोच ठेवला. लाकडी बंगला, बाहेरून जिना. बॉस्टनच्या वर्तमानपत्राच्या जागी टाउन हॉलमधलं एशियाटिकचं वाचनालय, नोंदणी कार्यालयाच्या जागी कलेक्टर कचेरी. ती परिपत्रकासारखी पानं टेबलावर अशी काही फुलली की विचारू नका. कचेरीतल्या कारकुनाला चहा पाजायचा, ओळख काढायची की सरळ पैसे चारायचे यावर तिघांची वीस मिनिटं खडाजंगी. एक जण म्हणाला माझा मामा त्याच खात्यात आहे. पात्राचा मामा! पत्रकावर तेव्हाच लिहून घेतला. त्या पानांवर लेखकाने काही सजवलेलं नाही, म्हणूनच तिथे खेळाडूंना शिरायला जागा मिळाली. माहिती तीनचार ठिकाणी विखुरलेली आहे, म्हणजे कागदी वाघ यांची वहीही खूश होईल.

आणि तो पलंग. वरच्या मजल्यावरची खोली, पलंग एकदम अंगावर येतो, फासा चुकला की माणूस खिडकीतून बाहेर. वाचताना हे हास्यास्पद आहे. फर्निचरचा हल्ला! मी हे गाळणारच होते. पण ठरवलं होतं की पहिल्या खेपेला काही गाळायचं नाही. झालं असं की एक पात्र पलंगाखाली वाकून बघत होतं, बाकीचे दोघे दाराशी. मी सांगितलं, पलंगाचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. इतकंच. दाराशी असलेल्यांपैकी एकाने स्वतःची खुर्ची मागे सरकवली, खरीखुरी. वाकलेल्याचे फासे पडले शंभरात ८७, त्याला हवे होते चाळीसच्या आत. खिडकी, काच, खाली वाडी. कुणी हसलं नाही. तो पडला कारण त्याने वाकून बघायचं स्वतः ठरवलं होतं, आणि हे 'स्वतः ठरवलं होतं' पुस्तकात छापता येत नाही.

उलट तळघर. वाचताना तेच सगळ्यात भीतिदायक, हवेत तरंगणारा सुरा वगैरे. टेबलावर थंड पडलं. मंडळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, खाली कशाला जायचं, घर पेटवून देऊ. हे कथानक चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हा ठराव हटकून येतो. आमच्याकडे वाडीत घराला घर चिकटलेलं, एक पेटवलं तर सगळी जातील, म्हणून नाइलाजाने उतरले. तोवर जोर ओसरला होता.

म्हणजे वाचून मला जे कच्चं वाटलं ते पक्कं निघालं, आणि जे पक्कं वाटलं ते कच्चं.

मी_नीरस

+१. पलंग वाचून आता रात्री झोप नाही. आमचाही आवाज करतो.

कागदी वाघ

गिरगावकरीण, लिखाण झकास. पण मग मूळ कथानकाची परीक्षा झाली कुठे? घर पेटवायचा ठराव आला आणि तुमच्या वाडीने तो परतवला. बॉस्टनच्या घरात कथानकाने तो कसा परतवला असता, की परतवलाच नसता? ते भोक तुम्ही जागा बदलून बुजवलंत, आणि बुजवलंत हे तुम्हाला खेळ संपेपर्यंत कळलंही नसेल. कोळ्याचं तेच. चालवणारा हाताने शिवत जातो आणि मग म्हणतो कापड मजबूत आहे.

पलंग मात्र मान्य. पलंग माझ्या वहीत कधीच आला नसता.

गिरगावकरीण

रास्त आहे. म्हणून आता मी हातात पेन्सिल ठेवते. चालवताना छापील पानाच्या समासात तीनच खुणा. जिथे थांबून पान उलटावं लागलं तिथे आडवी रेघ. जिथे मनाचं घातलं तिथे फुली. जिथे टेबलावरची माणसं मोबाइलकडे वळली तिथे टिंब. नंतर परीक्षण लिहायला बसलं की ते पान समोर असतं, 'एकूण मजा आली'च्या पलीकडे काहीतरी हातात राहतं.

टिंबांबद्दल एक निरीक्षण. चौकटीत छापलेले मोठ्याने वाचायचे उतारे असतात ना, मनात वाचताना तेच सगळ्यात देखणे वाटतात आणि माझी निम्मी टिंबं तिथेच पडतात. चौथ्या ओळीला कुणीतरी समोसा उचलतो.

शाईचा डाग

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण मी ही कथानकं लिहितो. खपतात फारशी नाहीत, ते सोडा.

लिहिणाऱ्याला सगळ्यात कमी उपयोग कशाचा होत असेल तर स्वतःच स्वतःचं कथानक चालवून बघण्याचा. कागदी वाघ म्हणतात ती शिवणकला लेखकाच्या हातात उपजत असते. कागदावर जे राहून गेलंय ते माझ्या डोक्यात आहे, मी ते टेबलावर बोलून टाकतो, खेळ मस्त होतो, आणि कागद आहे तिथेच राहतो. म्हणून आम्ही आंधळी चाचणी करतो: पीडीएफ दुसऱ्या डीएमला द्यायची, त्याला एक शब्दही समजवायचा नाही, खेळाच्या दिवशी तिथे जायचंसुद्धा नाही. माझं एक कथानक मी डोंबिवलीच्या एका ग्रुपला असं दिलं होतं. त्यांचा फोन मध्यंतरातच आला. 'राणीला नेमकं हवंय काय?' सगळ्या पानांवर राणी आहे, तिचे दागिने आहेत, तिची पालखी आहे. तिला हवंय काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी स्वतः चालवताना ते कधीच अडलं नाही, कारण मला माहीत होतं.

आपला खेळ पुन्हा पुन्हा चालवून फायदा झाल्याचं मोठं उदाहरण म्हणजे रेव्हनलॉफ्ट. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी ते १९८३ मध्ये छापण्याआधी पाच वर्षं दर हॅलोवीनला खेळवलं होतं. इतक्या वेळा चालवलं की लेखकाचंही त्यातल्या सांध्यांकडे लक्ष जातंच.

आणि उलट उदाहरण होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन. २०१४ मध्ये डीअँडडीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आलेलं पहिलं मोठं कथानक. ते लिहिलं जात होतं तेव्हा खुद्द नियमच पक्के झाले नव्हते, ते बदलत होते. त्याचा पहिला भाग काढून बघा. ग्रीनेस्ट गाव रात्री जळतंय, वर निळा ड्रॅगन घिरट्या घालतोय, पहिल्या लेव्हलच्या पात्रांना एकामागून एक कामं, मध्ये धड विश्रांती नाही. शेवटी सायनरॅथ नावाचा अर्धड्रॅगन पुढे येऊन म्हणतो, तुमच्यातला एक जण पाठवा. त्याच्या एका विजेच्या फुत्कारात तो एक जण आडवा. वाचायला हे थरारक आहे, पहिल्याच रात्री ड्रॅगन! चालवताना मधल्या कामांत लोकांची तब्येत इतकी खालावलेली असते की थराराला कुणी शिल्लक नसतं.

खडूस किल्लेदार

यावर कागदी वाघ म्हणतील, आकडेमोड केली असती तर हेही वाचून कळलं असतं.

कागदी वाघ

म्हणणारच होतो. :) पण इथे जरा अडतं. एकेका लढाईचं गणित बसतं. सातव्या कामापर्यंत कोणाकडे किती उरेल याचं नाही बसत, कारण ते लोक कुठली कामं घेतात आणि मध्ये किती वेळ भांडतात यावर आहे. तेवढं चालवणाऱ्यांनी सांगावं.

आणि एक गोष्ट कुणी बोललंच नाही: माणसं कमी येणं. पाच जणांसाठी लिहिलेलं कथानक पावसाळ्यात आम्ही नेहमी तिघांत चालवतो. कुर्ल्याला पाणी भरलं की आमचा क्लेरिक कल्याणलाच अडकतो. जखमा भरणारं कुणी नसताना कथानक उभं राहतं का, हे माझ्या लेखी पाच जणांच्या आदर्श खेळापेक्षा मोठं प्रमाण आहे. हे वाचून थोडं कळतं: औषधाच्या बाटल्या कुठे ठेवल्यात, पळून जायला दुसरी वाट आहे का, हरलात तर पुढे काय ते लिहिलंय का. फँडेल्व्हरच्या त्या जीवघेण्या गोब्लिनांबद्दलसुद्धा लिहिलंय की पार्टी हरली तर गोब्लिन लुटून निघून जातात, सगळे मरत नाहीत. ही एक ओळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरायला हवी, आणि परीक्षणात ती कुणीच लिहीत नाही.

तिसरी घंटा

खडूस किल्लेदारांचा मुद्दा पचवतोय. म्हणजे तुमच्याकडे प्रेक्षकाने लिहिलेलं परीक्षण सगळ्यात कमी कामाचं? खेळाडूचं मत धरायचंच नाही का?

खडूस किल्लेदार

धरायचं, पण एका गोष्टीपुरतं: कंटाळा कधी आला. ते खेळाडूइतकं खरं कुणी सांगत नाही. कथानकात काय होतं आणि डीएमच्या पोतडीतून काय निघालं, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो कोळ्यालाच पाच तारे देणार.

फासेवाला

बरीच घुसळण झाली. आमच्या ग्रुपच्या यादीत मी आजपासून एक बदल करतोय, कुणाला पटला तर घ्या. तारे बंद. प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर लिहायचं: फक्त वाचलं, वाचून गोल-बाण काढले, चालवलं, की खेळाडू म्हणून बसलो. चालवलं असेल तर किती जण होते, पात्रं कुणाची, आणि समासातल्या फुल्या (मनाचं घातलेलं) कुठे पडल्या. पहिल्या खेपेला छापलंय तसंच चालवायचं, आणि अगदी बुडायला लागलं तरच हात मारायचा.

वाचणाऱ्यांना माझा विरोध आता एवढाच: 'टेबलावर धमाल येईल' हे वाक्य त्यांनी लिहू नये. भोक दाखवा, आकडे दाखवा, नकाशात जिना चुकलाय ते दाखवा. धमाल येईल की नाही हे त्या पलंगालाही माहीत नव्हतं.

पन्हं

शनिवारी खेळून आलो. वेड लागलंय. ते कुठलं कथानक होतं विचारलं तर चिवडा म्हणतो सांगणार नाही, तू वाचशील.

चिवडा

वाचशीलच.

खडूस किल्लेदार

फासेवाला, तुझ्या नियमात एक अडचण. कॉल ऑफ कथुलूची लांबलचक मोहीम, मास्क्स ऑफ नायर्लाथोटेप. १९८४चं, आणि २०१८ची आवृत्ती तर दोन जाडजूड खंडांची. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, ऑस्ट्रेलिया, शांघाय. आमच्या वेगाने, दर पंधरवड्याला एक बैठक आणि त्यातल्या काही पावसाने वाहून गेलेल्या, हे संपवायला दोन वर्षं सहज. तोवर परीक्षण द्यायचंच नाही? आणि दोन वर्षांनी द्यायचं तर सुरुवात कुणाला आठवणार?

गिरगावकरीण

मास्क्सचं मी सांगते, सध्या तेच चालवतेय. २०१८च्या आवृत्तीत सुरुवातीला पेरूचा भाग नव्याने जोडलाय. तो स्वतंत्र चालतो. मोहीम सुरू होण्याआधी मुख्य पात्राची, जॅक्सन एलायसची, खेळाडूंशी गाठ घालून देणं एवढंच त्याचं काम. जुन्या आवृत्तीत हा माणूस खेळाडूंना न्यूयॉर्कच्या हॉटेलात थेट मेलेलाच सापडायचा, आणि माझ्या जुन्या टेबलावर त्याच्या मरणाचं कुणाला काही वाटलं नव्हतं. वाचताना मला वाटलं होतं पेरू म्हणजे पानं वाढवायचा उद्योग. आता न्यूयॉर्कला पोचलोय. हॉटेलच्या खोलीत तो सापडला तेव्हा एक जण म्हणाला, 'अरे, याने आपल्याला जेवायला बोलावलं होतं.'

तेव्हा माझं परीक्षण असं असेल: पेरू चालवला, चार खेळाडू, पात्रं त्यांनीच बनवलेली, फुल्या दोन, दोन्ही पिरॅमिडमध्ये. न्यूयॉर्क अर्धं चालवलं. लंडनपासून पुढे फक्त वाचलंय, गोल-बाण काढलेत, लंडनमध्ये आडव्या वाटा फार आहेत असं वाटतंय. शांघाय अजून उघडलेलं नाही.

खडूस किल्लेदार

चालेल. लंडनला पोचलीस की फुल्या टाक इथे.